वकिलीची सनद मिळाल्यानंतरची पहिली वर्षे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरात कोणी वकील नाही. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाणी कोर्टात माझा निभाव लागेल का?

उत्तर : नक्की लागेल. वाट सगळ्यांना एकच आहे : महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी, मग दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ नुसार नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. बार कौन्सिलला याहून जास्त शुल्क घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ठरवले. ज्यांच्या हाताखाली काम शिकायचे ते सिनियर निवडताना मात्र नावावर जाऊ नका. जिथे साक्षीपुरावे खरोखर चालतात असे ऑफिस शोधा. काही दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसलात की ते कळेल.

प्रश्न : आठ महिने नुसत्या तारखा घेतोय. यातून शिकायचं काय?

उत्तर : तारीख घ्यायची असली तरी आदल्या संध्याकाळी फाइल पूर्ण वाचा, रोजनाम्यासकट (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झाले त्याची नोंद). समन्स नेमके कधी बजावले गेले, हे बेलिफाच्या, म्हणजे समन्स पोहोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, अहवालावरून पाहा. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, त्या दिवसापासून ३० दिवसांत द्यायची असते, कोर्टाच्या परवानगीने ९० पर्यंत. साध्या दाव्यात त्यानंतरही सबळ कारण दाखवून ती दाखल करून घेतली जाऊ शकते. व्यापारी दाव्यात १२० दिवस उलटले की हक्कच संपतो. ही तारीख ज्युनियरच्या नजरेतून निसटली तर पक्षकाराचे म्हणणे कोर्टापुढे येतच नाही. इतके वजन आहे या कामाला!

शिवाय प्रत्येक प्रकरणाचा तारीखवार घटनाक्रम स्वतःच्या हाताने लिहा. जमिनीच्या दाव्यात खरेदीखत, फेरफार, सातबारा शेजारी शेजारी ठेवा. वादी शपथपत्रात एका सालापासून ताबा सांगतो आणि पीकपाहणीला (जमीन कोण कसतो याची सातबाऱ्यातली नोंद) त्या साली दुसऱ्याच कोणाचे नाव असते. उलटतपासाचा पहिला प्रश्न तिथेच सापडतो. कायद्याची कलमे नंतरही वाचता येतील, आधी प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर पकड हवी.

प्रश्न : वकीलपत्र सिनियरना दिले, तारखेला ज्युनियर येतात. चालेल का?

उत्तर : नेहमीच्या तारखांना चालेल. उलटतपास आणि अंतिम युक्तिवाद कोण करणार, हे आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : मुलगी रोज कोर्टात जाते, हाती काहीच येत नाही. त्यापेक्षा न्यायाधीशपदाची परीक्षा दे म्हणू का?

उत्तर : मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षेसाठीही ३ वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे. हा काळ तात्पुरत्या नोंदणीपासून, म्हणजे बार परीक्षा उत्तीर्ण होण्याआधीच्या नोंदणीपासून, मोजला जातो. म्हणजे तिचे आत्ताचे दिवस वाया जात नाहीत. ज्युनियरच्या मानधनाबाबत बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपयांची शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि हीच अडचण आहे. दिवसभर राबवून महिनाअखेरीस हात रिकामे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. घरचा आधार नसलेली हुशार मुले याच कारणाने कोर्ट सोडतात. तिने सिनियरांकडे रकमेचा विषय स्वतःहून आणि स्पष्टपणे काढावा. तरीही काही मिळत नसेल, तर दुसरे ऑफिस पाहावे.