पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा काठीनं बॉल पॉकेटात (टेबलाच्या भोकांत) घालायचा खेळ. त्यात लहान टेबलावर मोठी रन, म्हणजे न चुकता सलग बॉल घालणं, सोपं असतं का? की पॉकेट जास्त महत्त्वाचं?

माझं मत विचाराल तर आधी पॉकेट, मग टेबल.

८ फुटी टेबलाचं खेळायचं मैदान ४४ बाय ८८ इंच, ९ फुटीचं ५० बाय १००. म्हणजे जवळपास २९ टक्के जास्त जागा. शॉट लांबतात, चूक वाढते. पण लहान टेबलावर तेच १५ बॉल दाटीवाटीनं बसतात अन् घोळका फोडणं जिवावर येतं. त्यामुळे फायदा अर्धा कटतो.

पॉकेटचं तसं नाही. बॉल सव्वादोन इंचाचा. पाच इंची तोंडात तो डावीकडून घाला की उजवीकडून, जातो. म्हणून क्यू बॉल (काठीनं मारायचा पांढरा बॉल) कुठं थांबवायचा ते आपल्या हाती राहतं. सव्वाचार इंचीत ती मुभा जाते. त्यात स्ट्रेट पूलमध्ये (कोणताही बॉल घाला, एक गुण; बॉल संपत आले की पुन्हा मांडायचे) घोळका फोडायला शॉट जोरात मारावा लागतो, अन् जोरातला बॉल तोंडाशी खडखडून बाहेर येतो.

आमच्या यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावी टिनाच्या शेडमध्ये एक ७ फुटी टेबल आहे. पॉकेटची रबरं इतकी झिजलीत की कॅरमवाली पोरंही आठ-दहा बॉल सहज काढतात. पावसाळ्यात कापड ओलसर झालं की तेच रडतात बाप्पा!

अमेरिकन खेळाडू विली मोस्कोनीची स्ट्रेट पूलमधली १९५४ ची ५२६ बॉलची रन ८ फुटी टेबलावरची. अमेरिकेच्याच जॉन श्मिटनं २०१९ मध्ये ६२६ केली ती ९ फुटीवर, म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून दोघांची तुलना करू नका भाऊ.