गुडघ्याआधी मान बघा

प्रश्न : मुलीला, वय ७, मॉर्क्विओ हा हाडं नीट न वाढण्याचा जन्मजात आजार निघाला. चालताना गुडघे एकमेकांना घासतात, मनगटं इतकी सैल की पाण्याचा छोटा गुंडही उचलवत नाही. सासूबाई म्हणतात, मालिशवाल्याकडे न्या.
– एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, मालिशवाल्याला तिच्या मानेला हात लावू देऊ नका. या आजारात मानेचा दुसरा मणका नीट घडत नाही. हिसका बसला तर मज्जारज्जू दबतो. म्हणून आधी मानेचा एक्स-रे, एमआरआय. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगाच. गुडघ्याच्या आतल्या बाजूला छोटी प्लेट बसवून पाय सरळ करायचा प्रयत्न वाढीच्या वयातच होतो, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघू नका. लिहिताना मनगटाला पट्टा. ताणायचे व्यायाम नकोत. दुर्मिळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातल्या उपचार केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. तिथे नोंदणी करा.