टीनएजर मुलांना नाटक शिकवायला घेतलंयस ना, मग हे ऐक

पहिल्याच दिवशी स्क्रिप्ट हातात देऊ नकोस. या वयात आपलं हसं होईल याचीच सगळ्यात जास्त धास्ती असते, म्हणून आधीचे दोन-तीन क्लास नुसते खेळ घे. आरशाचा खेळ बेस्ट, दोघं समोरासमोर उभे, एकाने हळूहळू हात हलवायचा, दुसऱ्याने हुबेहूब तसंच करायचं, आणि थोड्या वेळाने सांग की आता लीडर कोणीच नाही. मग जी शांतता पसरते ना, ती मला वीस वर्षांनंतरही तितकीच आवडते.

माझ्याकडे एक मुलगा होता, डायलॉग म्हणताना नजर कायम जमिनीवर आणि आवाज घशातच. "मोठ्याने बोल" सांगून काही होत नाही, उलट पोरं अजून आखडतात. मी त्याला एक चादर दिली, म्हटलं घड्या घालत घालत भावाशी भांड. तिसऱ्या घडीला त्याने चादर झटकली आणि असला खणखणीत आवाज लागला की बाकीची पोरं गप्पच झाली, तो स्वतःही दचकला! हात कामात गुंतले की जीभ सुटते बघ.

स्वतः करून दाखवायचा मोह आवर हां, नाहीतर सगळे तुझीच नक्कल करतील. त्यापेक्षा पोरांना त्यांच्या पात्राबद्दल विचार, "या माणसाला आत्ता काय हवंय?" त्यांची उत्तरं ऐकायला मी आजही क्लासला अर्धा तास आधी जाऊन बसते.