नाका कुठे बसवायचा? आयर्लंडच्या सीमेविषयी तुमचे प्रश्न

ब्रेक्झिट आणि आयर्लंडच्या सीमेवर मी मागे लिहिलं होतं, त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं आज देतो. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी मामला थोडक्यात: १९२१ मध्ये आयर्लंड बेटाची फाळणी झाली. उत्तरेच्या सहा काउंटी (जिल्हे), म्हणजेच उत्तर आयर्लंड, ब्रिटनमध्ये राहिल्या, उरलेला मोठा भाग आज स्वतंत्र देश आहे आणि युरोपीय महासंघाचा सदस्य आहे. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० ला महासंघ सोडला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी कस्टम्स युनियन (बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच ड्युटी) व एकल बाजारपेठही (मालाचे सगळ्यांचे नियम एकच) सोडली, त्यामुळे या सीमेवर मालाची तपासणी कुठे करायची हा प्रश्न उभा राहिला. माझा जन्म गेला न्हावाशेव्याच्या बंदरात आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवण्याच्या (क्लिअरिंगच्या) धंद्यात, तेव्हा उत्तरं त्या नजरेतून येणार हे गृहीत धरा.

ब्रिटन आणि युरोपमध्ये शून्य ड्युटीचा करार झाला म्हणता. ड्युटीच नाही तर सीमेवर तपासायचं काय? (नाशिकचे एक द्राक्ष निर्यातदार)

तुमच्याच पेटीवरून सांगतो. शून्य ड्युटी आहे ती ब्रिटनमध्ये पिकलेल्या किंवा बनलेल्या मालाला, ब्रिटनमधून आलेल्या मालाला नव्हे. तुमची द्राक्षं लंडनजवळच्या गोदामात उतरली आणि तिथून आयर्लंडची राजधानी डब्लिनला निघाली, तर तेवढ्यानं ती ब्रिटिश होत नाहीत. युरोपच्या लेखी ती भारतीयच. म्हणजे प्रत्येक खेपेमागे 'माल मूळचा कुठला' हे कुणीतरी लिहून द्यायचं आणि ते खरं की खोटं हे दुसऱ्या कुणीतरी बघायचं. 'ओरिजिन'चा कागद सोडवताना किती घाम निघतो, हे तुम्हाला मी काय सांगू!

कस्टम्स युनियनच्या आत असेपर्यंत हा प्रश्न निघतच नाही, कारण बाहेरच्या जगासाठी सगळ्या सदस्यांचे दर सारखे. कंटेनर रॉटरडॅमला उतरवा की मार्सेलला, एकदा ड्युटी भरली की आत कुठंही न्या. बाहेर पडलेला देश स्वतःचे दर ठरवतो. बाहेर पडण्यामागचा एक हेतूच तो असतो. आता समजा, एखाद्या वस्तूवर ब्रिटनने ड्युटी काढून टाकली आणि युरोपात ती १० टक्के आहे. सीमेवर कुणीच नसेल तर कोणता शहाणा व्यापारी डब्लिनला माल उतरवेल? उत्तर आयर्लंडमधल्या बेल्फास्टला उतरवेल आणि ट्रकनं दोन तासांत डब्लिनला पोचवेल.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. कस्टम्स युनियन ड्युटीपुरती असते. द्राक्षावर औषधाचा अंश किती चालेल, कोंबडी कुठल्या पद्धतीनं धुतलेली चालेल, रोपाच्या मुळाला माती चालेल का, हे सगळं एकल बाजारपेठेचं खातं. तुर्कस्तानची कारखानी मालापुरती युरोपशी कस्टम्स युनियन आहे, तरीही बल्गेरियाच्या सीमेवर कापिकुले नाक्याला ट्रकच्या रांगा लागतातच. ब्रिटननं दोन्ही सोडलं, त्यामुळे प्रश्नही दोन्हीकडून आले.

आपल्याकडे जीएसटी आला आणि जकात नाके गेले. ई-वे बिल मोबाइलवर निघतं. मग तिथे कॅमेरे आणि जीपीएस लावून नाका टाळता आला नसता का? (ठाण्याच्या वाचक, आयटीत आहेत)

लंडनमधले मंत्री दोन-तीन वर्षं हेच विचारत होते, त्यामुळे संकोच करू नका.

मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला गेली. मुलुंड-दहिसरच्या रांगांत ज्यांनी रात्री काढल्या त्यांना तो दिवस आठवत असेल. पण ते नाके मोबाइलनं नाही हटवले. कर एक झाला, म्हणून हटले. मोबाइल नंतर आला. खात्री करायची असेल तर गोव्याहून येताना इन्सुलीच्या चेकनाक्यावर बघा. दारू जीएसटीत नाही, तिच्यावरची अबकारी गोव्यात वेगळी आणि महाराष्ट्रात वेगळी, म्हणून एक्साइजवाले गाडीची डिकी उघडायला लावतात. देश एक, महामार्ग एक, भाषासुद्धा जवळजवळ एक, पण दरात फरक आहे तेवढ्यापुरता नाका शिल्लक आहे.

युरोपातलं सगळ्यात गुळगुळीत उदाहरण नॉर्वे आणि स्वीडनचं. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे, फक्त कस्टम्स युनियनमध्ये नाही. दोन्ही देशांचे कस्टम्सवाले एकमेकांची कामं करतात, कागद आधीच संगणकावर गेलेले असतात. तरीही सीमेवरच्या स्विनेसुंड नाक्याला ट्रक थांबतात. शिवाय तिथं व्यापारी माल ठरलेल्या रस्त्यांनीच न्यायचा असतो. आयर्लंडच्या सीमेवर रस्तेच दोनशेहून जास्त आहेत. क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा रस्ता वाटेत चार वेळा सीमा ओलांडतो. पेटिगो गावात मधून छोटी नदी वाहते आणि गावाचा अलीकडचा भाग एका देशात, पलीकडचा दुसऱ्या. आज ही सीमा ओलांडल्याचं कळतं ते एवढ्यावरून: वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैलांत बदलतात आणि रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेघ पांढरी होते.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तंत्रज्ञानात नाहीच. तिथला कस्टम्स नाका हा कधी नुसता नाका नव्हता. १ एप्रिल १९२३ ला चौक्या बसल्या तेव्हापासून, ज्यांना फाळणी मान्य नाही त्यांच्या डोळ्यांसमोर फाळणीची खूण म्हणून तीच होती. १९५० च्या दशकात या चौक्या जाळल्या, उडवल्या गेल्या. २२ ऑगस्ट १९७२ ला सीमेजवळच्या न्यूरीच्या कस्टम्स ठाण्यात आयआरए या ब्रिटनविरोधी सशस्त्र संघटनेचा बाँब वेळेआधीच फुटला आणि ९ जण गेले. त्यात बाँब आणणारे तिघे होते. बाकीचे कस्टम्सचे कारकून आणि कागद करून घ्यायला आलेले ट्रकवाले. मी अशा काउंटरपुढे तीस वर्षं उभा राहिलोय, त्यामुळे ही ओळ लिहिताना हात थबकतो.

चौकी जपायला पोलीस आले, पोलिसांना जपायला सैन्य आलं, टेकड्यांवर टेहळणी बुरूज उभे राहिले, लहान रस्ते खड्डे पाडून बंद केले गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. कस्टम्सची तपासणी १ जानेवारी १९९३ ला एकल बाजारपेठेमुळे गेली आणि १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर सैन्यही हळूहळू हटलं. उत्तर आयर्लंडच्या पोलीसप्रमुखांनी २०१८ मध्ये इशारा दिला होता की सीमेवर काहीही उभारलं तर ते हल्ल्याचं लक्ष्य होईल. खांबावरचा कॅमेरा कुणीतरी फोडणार, मग त्याच्या राखणीला माणूस ठेवावा लागणार. पुढची पायरी कुठली, हे तिथल्या साठीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

लिओ वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. या सगळ्यात त्यांनी नेमकं काय केलं? (वराडपासून जवळच राहणारे वाचक)

वडील डॉक्टर अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव वराड. लिओ जन्मले आणि वाढले डब्लिनमध्ये. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ ते आयर्लंडचे पंतप्रधान होते, म्हणजे वाटाघाटींचा कळीचा काळ त्यांच्याच वाट्याला आला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रुसेल्सला युरोपच्या नेत्यांचं जेवण होतं. तिथे वराडकर एक वर्तमानपत्र घेऊन गेले. त्यात वर सांगितलेल्या न्यूरीच्या स्फोटाची आणि त्यात वडील गमावलेल्या मुलीची बातमी होती. तक्ते, आकडे, नकाशे बघून कंटाळलेल्या मंडळींना त्यांनी तो कागद दाखवला. माझ्या मते त्या संध्याकाळचं त्याहून चांगलं डॉक्युमेंट दुसरं नव्हतं. युरोपचे सगळे देश अखेरपर्यंत डब्लिनच्या मागे उभे राहिले. एवढ्या छोट्या देशासाठी ही मोठीच गोष्ट.

नंतर १० ऑक्टोबर २०१९ ला लिव्हरपूलजवळ ते ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना भेटले आणि आठवड्यात करार झाला: तपासणी जमिनीवरच्या सीमेऐवजी उत्तर आयर्लंडच्या बंदरांत. जॉन्सननी जास्त सोडलं असं माझं मत, पण वराडकरांनीही एक गोष्ट सोडली: ही व्यवस्था कायमची नसेल, उत्तर आयर्लंडच्या विधानसभेला तिच्यावर ठरावीक काळानं मतदान करता येईल. त्याच डिसेंबरात ते कुटुंबासह वराडला येऊन गेले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार!

सीमा जमिनीवर नको म्हणून समुद्रात नेली. मग आता भांडण कुणाचं? (साताऱ्याचे निवृत्त शिक्षक)

जमिनीवरच्या नाक्यामुळे जे दुखावले असते त्यांच्या शेजाऱ्यांचं.

व्यवस्था अशी: उत्तर आयर्लंड कायद्यानं ब्रिटनच्या कस्टम्स हद्दीत, पण मालापुरते नियम युरोपचे. त्यामुळे इंग्लंड-स्कॉटलंडहून येणारा माल लार्न आणि बेल्फास्टच्या बंदरांत तपासायचा. धंद्याच्या दृष्टीनं विचाराल तर हे सोपं. दोनशे रस्त्यांपेक्षा चार धक्के सांभाळणं कुणालाही परवडतं. उत्तरेचं दूध बरंचसं दक्षिणेच्या डेअऱ्यांत जातं, डब्लिनची गिनेस डब्यांत भरायला बेल्फास्टला येते आणि परत फिरते. तो सगळा व्यवहार तसाच चालू राहिला.

पण ज्यांची सगळी ओळखच 'आम्ही ब्रिटिश' ही आहे, त्या युनियनिस्टांना आपल्याच देशातून आलेल्या मालासाठी फॉर्म भरावा लागू लागला. जॉन्सन व्यापाऱ्यांना सांगून आले होते की असा फॉर्म कुणी मागितला तर कचऱ्यात टाका. फॉर्म मात्र आले. थंड केलेला कच्चा सॉसेज बाहेरच्या देशातून घ्यायचा नाही असा युरोपचा नियम, त्यावरून २०२१ मध्ये दोन्ही सरकारं अक्षरशः सॉसेजवर भांडली. मातीसकट रोपं येईनात, तेव्हा बागकाम करणारे चिडले. युरोपनंही घोळ घातला: २९ जानेवारी २०२१ ला या सीमेवरून होणारी कोविड लशींची निर्यात रोखण्यासाठी करारातलं आणीबाणीचं कलम १६ वापरायची घोषणा केली आणि काही तासांत माघार घेतली. ज्या सीमेचं नाव काढलं तरी इतरांना दटावायचे, तिथेच स्वतःचा हात गेला!

फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपी हा मोठा युनियनिस्ट पक्ष सरकारमधून बाहेर पडला आणि दोन वर्षं तिथं सरकारच नव्हतं. २७ फेब्रुवारी २०२३ ला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी विंडसर चौकट हा सुधारित समझोता जाहीर केला. उत्तर आयर्लंडमध्येच खपणाऱ्या मालाला कमी तपासणीची हिरवी मार्गिका, पुढे दक्षिणेला जाऊ शकणाऱ्या मालाला पूर्ण तपासणीची लाल. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून बेल्फास्टच्या दुकानात दुधाच्या बाटलीवर 'युरोपसाठी नाही' असा शिक्का दिसू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकार परत आलं. १० डिसेंबर २०२४ ला ते ठरलेलं मतदान झालं: बाजूनं ४८, विरोधात ३६. बाजूच्या ४८ मध्ये एकही युनियनिस्ट नव्हता.

त्यांची तक्रार खोटी आहे असं मला वाटत नाही. ब्रुसेल्सला होणारे कायदे त्यांना लागू, आणि तिथे त्यांचा माणूस नाही. फक्त त्या तक्रारीपोटी आजवर कुणी चौकी उडवलेली नाही, आणि नाक्याची जागा ठरवताना हा हिशेब झाला. युनियनिस्ट नेमकं हेच बोचून दाखवतात: बाँबची भीती ज्यांची, त्यांचं ऐकलं गेलं.

सीमा उघडी म्हणजे स्मगलिंग जोरात असेल? (पुण्याचे वाचक)

नाका होता तेव्हाही होतं. लोणी, डुकरं, गुरं, महायुद्धात चहा नि साखर. अलीकडच्या दशकांत डिझेल: शेतीसाठी करसवलतीचं डिझेल रंग घालून विकतात, तो रंग काढून पंपावर खपवायचं.

मुलगी डब्लिनला एमएस करते. शनिवार-रविवार मैत्रिणींबरोबर बसनं बेल्फास्टला जाऊन आली तर चालेल का? कुणी पासपोर्ट बघत नाही म्हणते. (कोल्हापूरच्या वाचक)

नाही चालणार. तिला सांगा, बस थांबत नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. बिनपासपोर्ट ये-जा ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी आहे. बेल्फास्ट ब्रिटनमध्ये येतं, आणि भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा विद्यार्थी परवाना तिथे चालत नाही. ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. परतीच्या बसमध्ये आयरिश पोलीस अधूनमधून चढतात आणि कागद बघतात. तुम्ही स्वतः तिला भेटायला आयर्लंडच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर गेलात आणि त्यावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन-आयर्लंड व्हिसा योजना) असा शेरा असला, तर आधी आयर्लंडमध्ये उतरून मग बेल्फास्टला जाता येईल. तिच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला ती सोय नाही. तिनं आधी ब्रिटनचा व्हिसा काढावा, तिकीट मग.