सही करण्याआधी कागद वाच

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा लासलगावच्या कांदा बाजारातून येताना तू म्हणालास, "काका, जगाच्या बाजारावर शेती म्हणजे जुगार. द्राक्षबाग तोडतो, पुण्याला नोकरी बघतो." गाडीत तुझे वडील होते म्हणून गप्प बसलो.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात थांबली, ती दिल्लीच्या हुकमाने. परदेशी गिऱ्हाईक घ्यायला तयारच होतं. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. यातली एक तरी अधिसूचना तू स्वतः वाचलीस का? ग्रुपवर आलेलं वाचलंस आणि जगाला शिव्या घातल्यास. कागद वाच रे!

मी वाचला नव्हता. २००९ च्या खरड छाटणीनंतर, म्हणजे द्राक्षाच्या उन्हाळी छाटणीनंतर, सगळ्यांनी मारलं म्हणून मीही सीसीसी, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं औषध, मारलं. वाढ आटोक्यात राहते, काडीत घड चांगला धरतो. युरोपात द्राक्षाला त्याच्या अंशाची मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. २०१० मध्ये तिकडच्या तपासणीत ते सापडलं आणि आपले कंटेनर अडकले. माझ्या मालाचा हिशोब आला तेव्हा पैसे मिळणं दूरच, भाड्यापोटी माझ्याकडेच रक्कम निघाली. निर्यातदाराशी तावातावाने भांडलो. करार मात्र माझ्याच कपाटात होता, खाली माझी सही, आणि त्यातली खर्च माझ्यावर टाकणारी ओळ मी वाचलेली नव्हती. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खरंही आहे. पण युरोपची मर्यादा आधीच जाहीर होती.

सुरगाण्याच्या मजूर टोळीचे थिनिंगचे, म्हणजे घड विरळ करण्याचे, पैसे आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) देता आले नाहीत. त्यातली एक बाई तीनदा येऊन बांधावर उभी राहिली. काही बोलली नाही. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तरी बाग तोडली नाही. घरात अबोला झाला, गाव हट्टी म्हणालं. म्हणू दे. पुढच्या हंगामापासून प्रत्येक फवारणी वहीत तारखेनिशी लिहिली, डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय पंप सुरू केला नाही. त्याच बागेवर घर चाललं, मग माझं काय चुकलं?

पुण्याला जायचं तर जा, अडवत नाही. पण तिथेही नेमणुकीचं पत्र येईल. कंत्राट किती महिन्यांचं, काढायचं झालं तर नोटीस किती दिवसांची, हे सही करण्याआधी वाच.

रविवारी सकाळी ये. गेल्या हंगामाचा करार बरोबर आण. तू वाचायचा, मी ऐकतो.

तुझा,
काका