नागपूरहून दिवाळीच्या सुट्टीत फिनलंडमधील केरिमॅकीचे लाकडी चर्च पाहायला जावे का?

दिवाळीऐवजी जूनमध्ये जावे, कारण १८४७ साली पूर्ण झालेले, तीन हजारांहून अधिक आसनांचे हे भव्य चर्च उबदार ठेवण्याची सोय नसल्याने थंडीत सहसा वापरले जात नाही आणि तेव्हाच्या प्रार्थना शेजारच्या लहान हिवाळी चर्चमध्ये होतात. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडत असल्यामुळे मुलांसह जाणाऱ्या नागपूरकरांना हा काळ सोयीचा आहे. मध्यभागी सुमारे २७ मीटर उंच घुमटाखाली निवांत उभे राहून सज्जांचे लाकूडकाम अवश्य पाहावे. मापाच्या चुकीमुळे इमारत एवढी मोठी झाली, ही आख्यायिका मात्र खरी मानू नये. विवाह किंवा संगीताचा कार्यक्रम असल्यास प्रवेश मिळेलच असे नाही, म्हणून वेळापत्रक आधी तपासावे.