हजार माणसांवरून जिल्हा कसा कळतो?

प्रश्न : मॅडम, २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवलं, प्रत्यक्षात आल्या २९३. मी ६१ वर्षांचा आहे, आजवर एकही सर्व्हेवाला माझ्या दारात आलेला नाही. हजार-दोन हजार लोकांना विचारून हे सगळ्यांचं कसं सांगतात? – एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, हजार माणसं खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडली, तर पक्षाच्या टक्केवारीत साधारण तीन टक्के इकडेतिकडे होतात, मतदार एक लाख असोत की वीस लाख. घोडं अडतं ते निवडण्यात. सांगलीत हळदीचा सौदा पाहिलाय ना? मुरलेला खरेदीदार पोत्याच्या तोंडावरची हळकुंडं बघून बोली लावत नाही, हात पार खाली घालतो. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं लोकांना पाठवलेल्या नमुना मतपत्रिकांपैकी वीस लाखांवर भरून परत आल्या, तरी अंदाज साफ चुकला. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या, म्हणजे खाऊनपिऊन सुखी लोकांच्या, यादीतून घेतले होते.

सांगलीत संख्याशास्त्र शिकवत असताना एकदा मुलांना घेऊन हरिपूरला पाहणीला गेले होते. यादीत नाव एका बाईंचं. त्या उंबऱ्याच्या आत, हाताला पीठ लागलेलं. प्रश्न त्यांना विचारला आणि उत्तर ओसरीवरून नवऱ्याचं आलं. आमच्या मुलानं ते बाईंच्या नावापुढे लिहूनही टाकलं! ते पान मी आजही विसरलेले नाही. पाहणीत बायका कमी पडल्या तर मॉडेल, म्हणजे अंदाज काढायचं गणित, त्यांच्या उत्तरांना जास्त वजन देतं. पण उत्तरच नवऱ्याचं असेल, तर वजन देऊन चूकच वाढते.

मतांवरून जागा काढणं त्याहून अवघड. पक्षाची मतं मागच्या वेळेपेक्षा किती टक्के हलली, हे राज्यभर सरासरीनं लावायचं, अशी बऱ्याच मॉडेलांची मांडणी असते. सांगलीत अपक्ष विशाल पाटील लाखाच्या फरकानं निवडून आले. असा माणूस पक्षांच्या कोष्टकात ‘इतर’मध्ये जातो. साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले, म्हणजे झालेल्या मतांच्या तीन टक्क्यांच्याही आत. समोरच्या पक्षाचं, म्हणजे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि लोक जिला पिपाणी म्हणतात ते चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं. चिन्हांमुळे घोळ झाला अशी त्या पक्षाची तक्रार होती. ती खरी की खोटी, हे मतदारालाच ठाऊक. पण हजारांच्या नमुन्यात ही गोष्ट सापडणं जवळपास अशक्य.

म्हणून टीव्हीवर जागांचा आकडा आला की मी आधी विचारते : किती मतदारसंघांत गेलात, यादीतून माणसं निवडलीत की चौकात भेटतील ती, आणि किती जणांनी बोलायला नकार दिला? हे न सांगणाऱ्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि दादा, कधी तुमच्याही दारात कुणी येईल. त्याच्या यादीत सूनबाईंचं नाव असेल, तर तुम्ही जरा परसात जाऊन या. त्यांना बोलू द्या.